फुप्फुसाची तीव्र इजा आणि मूळपेशींच्या चाचण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉक्टर ‘एआरडीएस’ म्हणतात. म्हणजे न्यूमोनियाच ना?

न्यूमोनिया हे कारण, एआरडीएस (अक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम), म्हणजे फुप्फुसाची तीव्र इजा, हा परिणाम. वायुकोश आणि रक्तवाहिन्या यांच्यामधला अतिशय पातळ पडदा सुजून गळू लागतो, वायुकोशांत प्रथिनांनी भरलेलं पाणी साचतं आणि कितीही ऑक्सिजन दिला तरी तो रक्तात पोहोचत नाही. न्यूमोनियाखेरीज सेप्सिस (संसर्गामुळे शरीरभर होणारा बिघाड), पोटातलं अन्न श्वासनलिकेत जाणं, स्वादुपिंडाची सूज आणि मोठा अपघात हीसुद्धा कारणं असतात. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो, मलेरिया, डेंगी आणि स्क्रब टायफस यांचीही भर पडते.

१९६७ साली बारा रुग्णांच्या वर्णनातून हा आजार वैद्यकशास्त्रात नोंदला गेला. २०१२ची ‘बर्लिन व्याख्या’ त्याची तीव्रता एका गुणोत्तरावर ठरवते. धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब घ्यायचा आणि रुग्णाला दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने त्याला भागायचं. व्हेंटिलेटरवर ६० टक्के ऑक्सिजन चालू असताना हा दाब ७२ आला, तर ७२ भागिले ०.६ म्हणजे १२०. गुणोत्तर २०० ते ३०० असेल तर सौम्य, १०० ते २०० मध्यम, १०० किंवा त्याखाली तीव्र. ‘सौम्य’ शब्दाने फसू नये. ५० देशांतल्या आयसीयूंची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सौम्य गटातले जवळपास ३५ टक्के आणि तीव्र गटातले ४६ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावलेले आढळले.

यावर आज खात्रीचा उपचार कोणता?

इजा थेट भरून काढणारं औषध नाही. ज्यांनी जीव वाचल्याचं सिद्ध झालं, त्या गोष्टी साध्या आहेत. २०००च्या अमेरिकी चाचणीत व्हेंटिलेटरच्या एका श्वासातली हवा किलोमागे १२ मिलीलिटरवरून ६ वर आणली, तेव्हा मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. २०१३च्या फ्रेंच चाचणीत ज्यांचा ऑक्सिजन बराच खाली होता अशा रुग्णांना दिवसातले किमान १६ तास पालथं झोपवलं, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. कोविडमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची त्यात भर पडली.

मूळपेशींना या उपचारांची जागा घ्यायची नसून त्यांच्या वर काही भर घालून दाखवायची आहे. चाचणीत असो वा नसो, कमी हवेचं व्हेंटिलेशन आणि पालथं झोपवणं प्रत्येक रुग्णाला मिळालंच पाहिजे.

चाचण्यांत कुठल्या मूळपेशी वापरतात?

जवळपास सगळीकडे मेझेनकायमल पेशी, म्हणजेच एमएससी. त्या निरोगी दात्याच्या अस्थिमज्जेतून, नाळेच्या गरातून किंवा चरबीतून घेऊन प्रयोगशाळेत वाढवतात. ओळख पटवण्याचे निकष २००६ साली ठरले. पेशी प्लास्टिकच्या तळाला चिकटून वाढायला हव्यात. सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ या खुणा किमान ९५ टक्के पेशींवर हव्यात आणि सीडी४५, सीडी३४ यांसारख्या रक्तपेशींच्या खुणा २ टक्क्यांहून जास्त पेशींवर नकोत. शिवाय प्रयोगशाळेत त्यांच्यापासून हाड, चरबी आणि कूर्चा तयार करता यायला हवी.

या पेशींवर प्रतिकारशक्तीला डिवचणाऱ्या खुणा कमी असल्याने दाता आणि रुग्ण यांचं रक्तगट किंवा ऊती जुळवणं सहसा करत नाहीत. म्हणूनच त्या आधी बनवून गोठवून ठेवता येतात. एआरडीएसच्या रुग्णाजवळ तासांचा हिशेब असतो. त्याच्याच पेशी काढून काही आठवडे वाढवत बसण्याइतका वेळ नसतो.

या पेशींपासून नवं फुप्फुस तयार होतं का?

नाही. जाहिरातींतला सर्वांत मोठा खोटेपणा इथेच असतो. शिरेतून दिलेल्या पेशी फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात आणि बहुतेक एक-दोन दिवसांत नाहीशा होतात. तेवढ्या वेळात त्या जी रसायनं आणि सूक्ष्म पुटिका सोडतात, त्यांच्यावर सगळी मदार असते. अँजिओपॉयटिन-१मुळे रक्तवाहिनीचा गळता पडदा घट्ट होतो, केजीएफ या वाढीच्या घटकामुळे वायुकोशातलं पाणी उपसलं जातं आणि एलएल-३७ हे छोटं प्रथिन जिवाणूंना मारतं. प्रत्यारोपणासाठी नाकारलेली मानवी फुप्फुसं शरीराबाहेर चालू ठेवून त्यांना जिवाणूंच्या विषाने इजा केली आणि मग या पेशी दिल्या, तेव्हा पाण्याचा उपसा पूर्ववत झाल्याचं २००९ साली दिसलं. माणसांतल्या चाचण्यांना बळ मिळालं ते अशा प्रयोगांतून.

मग माणसांत काय दिसलं?

थोडक्यात: पेशी देणं आतापर्यंत सुरक्षित दिसलं, फायदा सिद्ध झालेला नाही.

अमेरिकेतल्या ‘स्टार्ट’ चाचणीचा पहिला टप्पा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ रुग्णांना तीन-तीनच्या गटांत किलोमागे १० लाख, ५० लाख आणि १ कोटी पेशी दिल्या. देण्यामुळे काही बिघडलं नाही. पुढच्या टप्प्यात पाच रुग्णालयांत ४० जणांना पेशी आणि २० जणांना प्लासिबो, म्हणजे पेशी नसलेलं द्रावण, दिलं. २०१९च्या त्या निकालात २८ दिवसांतले मृत्यू पेशींच्या गटात ३० टक्के आणि प्लासिबोच्या गटात १५ टक्के होते.

‘मल्टिस्टेम’ या थोड्या वेगळ्या पेशींची चाचणी ब्रिटन-अमेरिकेत झाली. त्यात आकडे उलट्या दिशेने गेले: पेशी मिळालेल्या २० जणांत मृत्यू २५ टक्के, प्लासिबोच्या १० जणांत ४० टक्के.

कोविडमध्ये चाचण्यांचं पीकच आलं. मायामीत २४ रुग्णांच्या चाचणीत महिन्याअखेर पेशी मिळालेले ९१ टक्के, तर न मिळालेले ४२ टक्के जगले आणि बातम्या जगभर पोहोचल्या. मग मोठी चाचणी झाली, ‘रेमेस्टेमसेल’ या एमएससींच्या उत्पादनाची. त्यात मृत्यू पेशींच्या गटात ३७.५ आणि दुसऱ्या गटात ४२.७ टक्के असे निघाले. फायदा सिद्ध होण्याची शक्यता उरली नाही म्हणून सुरक्षा मंडळाने ती २२२ रुग्णांवर थांबवायला सांगितली. फ्रान्समधली ४५ रुग्णांची आणि ब्रिटनमधली ‘रिअलिस्ट’ ही ६० रुग्णांची चाचणी, दोन्हींत ऑक्सिजन ठरवल्याप्रमाणे सुधारला नाही.

‘स्टार्ट’मध्ये पेशी मिळालेले दुप्पट दगावले. म्हणजे पेशींनीच मारलं का?

तसा निष्कर्ष निघत नाही. २० जणांच्या गटात १५ टक्के म्हणजे तीन माणसं. तिथे आणखी तिघे दगावले असते, तर दोन्ही गट ३० टक्क्यांवर सारखे झाले असते. आयसीयूत तीन माणसांचा फरक नशिबानेही पडतो. त्यात पेशींच्या गटातले रुग्ण मुळातच जास्त आजारी होते. आजाराच्या गंभीरतेचा सरासरी गुणांक त्या गटात १०४, तर प्लासिबोत ८९ होता. हा फरक हिशेबात धरल्यावर मृत्यूंमधली तफावत बरीच आटली.

‘मल्टिस्टेम’च्या २५ विरुद्ध ४० कडेही याच नजरेने बघायला हवं: दहापैकी चार. एका चाचणीचे आकडे आवडले म्हणून खरे मानायचे आणि दुसरीचे नावडले म्हणून झटकायचे, असं करता येत नाही.

पेशी ‘जिवंत’ असण्याचा इतका बाऊ का?

कारण इथेच बरंच काही फसतं. ‘स्टार्ट’मध्ये रुग्णाला देण्याच्या वेळी जिवंत पेशींचं प्रमाण ३६ टक्क्यांपासून ८५ टक्क्यांपर्यंत होतं. कागदावर सर्वांना किलोमागे १ कोटी, प्रत्यक्षात कुणाला ३६ लाख तर कुणाला ८५ लाख! रक्तवाहिनीच्या इजेची एक रासायनिक खूण पेशींच्या गटात कमी झाली होती, पण ती घट जिवंत पेशींच्या प्रमाणावर अवलंबून होती. मेलेल्या पेशींचा डोस मोजून औषध निकामी ठरवणं बरोबर नाही, तसंच ‘पेशी ताज्या असत्या तर चाललं असतं’ हे गृहीत धरणंही बरोबर नाही.

घोटाळा होतो तो वितळवताना. पेशी डीएमएसओ या द्रवात गोठवून द्रव नायट्रोजनच्या वाफेत, उणे १५० अंश सेल्सियसच्या खाली ठेवतात. बाहेर काढून ३७ अंशांच्या पाण्यात धरतात आणि पिशवीत बर्फाचा छोटा तुकडा उरला की लगेच उचलतात. जास्त वेळ ठेवल्यास कोमट झालेलं डीएमएसओच पेशींना मारतं. ते काढायला पेशी धुवाव्यात, तर यंत्रात फिरवताना काही फुटतात. न धुता पातळ करून दिल्यास डीएमएसओ रुग्णाच्या अंगात जातं. त्याने मळमळ होते, रक्तदाब हलतो आणि लसणीसारखा वास येतो. शिवाय वितळवल्याबरोबर निळ्या रंगाने (तो फक्त मेलेल्या पेशींत शिरतो) केलेली मोजणी आशादायक दिसली, तरी मरणपंथाला लागलेल्या बऱ्याच पेशी त्यात जिवंत म्हणून मोजल्या जातात. त्या काही तासांनी मरतात.

म्हणून किमान ७० टक्के जिवंत पेशी ही अट अनेक ठिकाणी ठेवतात. ती रुग्णालयात वितळवल्यानंतर तपासली जाते की कारखान्यातून निघताना, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

डोस कसा काढतात?

काही चाचण्या सरसकट डोस देतात. ‘रिअलिस्ट’मध्ये प्रत्येकाला ४० कोटी पेशी होत्या. किलोवर डोस ठरवायचा असेल, तेव्हा ‘स्टार्ट’ने काट्यावरचं वजन न घेता उंचीवरून काढलेलं वजन घेतलं. चरबी वाढली म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. पुरुषांसाठी सूत्र असं: ५० + ०.९१ × (सेंटिमीटरमधली उंची − १५२.४). स्त्रियांसाठी ५० ऐवजी ४५.५. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचं वजन असं ६१.५ किलो निघतं, मग काटा ९० दाखवो. किलोमागे १ कोटी या हिशेबाने डोस ६१.५ कोटी पेशींचा. व्हेंटिलेटरची ६ मिलीलिटर हवाही याच आकड्यावर मोजायची असते. बेशुद्ध रुग्णाची उंची टेप लावून मोजणं हे चाचणीतलं पहिलं, आणि अंदाजपंचे उरकलं जाणारं, काम आहे.

पेशी देताना काय काळजी घेतात?

आधी रुग्ण स्थिर हवा. रक्तदाबाची औषधं किंवा व्हेंटिलेटरचे आकडे सारखे वाढवावे लागत असतील, तर थांबतात. मग रक्त चढवण्याच्या गाळणीवाल्या नळीतून साधारण अर्धा ते दीड तासात पेशी शिरेत सोडतात. पेशी तळाशी बसतात, त्यामुळे पिशवी अधूनमधून हलक्या हाताने उलटीसुलटी करावी लागते. हे राहिलं की आधी नुसतं पाणी जातं आणि शेवटी पेशींचा गठ्ठा एकदम फुप्फुसात जाऊन अडकतो. ऑक्सिजन अचानक घसरण्याचं, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येण्याचं ते एक कारण ठरू शकतं. या पेशींवर रक्त गोठवणारा टिश्यू फॅक्टर असतो, म्हणून गुठळ्यांकडेही लक्ष ठेवतात. पहिल्या सहा तासांत ऑक्सिजन, रक्तदाब, हृदयाची लय आणि ॲलर्जी यांची नोंद काटेकोर असते.

प्लासिबो म्हणजे रुग्णाला काहीच न देणं का?

नाही. आयसीयूतला सगळा उपचार दोन्ही गटांना सारखाच मिळतो, प्लासिबोच्या पिशवीत फक्त पेशी नसतात. कुणाला काय मिळालं हे नातेवाइकांना आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळत नाही. पेशींचं द्रावण गढूळ दिसतं, त्यामुळे पिशवी आणि नळी दोन्ही अपारदर्शक वेष्टनात झाकतात. नळी उघडी राहिली तर सगळं गुपित फुटतं.

गट संगणक ठरवतो. ओळखीने, विनंतीने किंवा पैशाने तो बदलता आला, तर ती चाचणी उरलीच नाही असं समजावं.

साठ-सत्तर रुग्णांत समजत नाही, तर किती हवेत?

समजा आज ४० टक्के मृत्यू आहेत आणि पेशींनी ते ३० टक्क्यांवर आणायचेत. हा फरक असल्यास तो पकडण्याची ८० टक्के शक्यता हवी असेल, तर प्रत्येक गटात साधारण ३५० रुग्ण, म्हणजे एकूण सातशेच्या वर लागतात. ‘स्टार्ट’च्या दुसऱ्या टप्प्यात १०३८ रुग्ण पारखून ६० मिळाले आणि त्याला जवळपास तीन वर्षं लागली. यावरून मोठी चाचणी का रखडते ते लक्षात यावं.

म्हणून छोट्या चाचण्या मृत्यूऐवजी दुसरी मोजमापं घेतात. २८ दिवसांपैकी व्हेंटिलेटरविना गेलेले दिवस हे त्यांतलं एक. मृत रुग्णाला त्यात शून्य गुण. नाहीतर लवकर दगावलेला रुग्णही ‘व्हेंटिलेटरवरून लवकर सुटला’ असा दिसेल.

आणखी एक अडचण अशी, की एआरडीएस हा एकच आजार नाही. सुमारे ३० टक्के रुग्णांत दाह फार भडकलेला असतो, बाकीच्यांत तितका नसतो. पेशी पहिल्या गटात चालत असतील आणि दुसऱ्यात नसतील, तर सर्वांची सरासरी काढून हाती काहीच लागणार नाही. आमच्या मते पुढच्या चाचण्यांनी रुग्णसंख्येइतकाच भर रुग्ण निवडण्यावर द्यायला हवा.

कुणाला घेत नाहीत?

साधारणपणे १८ वर्षांखालचे, गरोदर स्त्रिया, सक्रिय किंवा अलीकडचा कर्करोग असलेले, यकृत फार बिघडलेले, फुप्फुसात किंवा पायात ताजी गुठळी असलेले आणि ज्यांचा मृत्यू तासांवर आला आहे असे रुग्ण. वेळेची अटही असते, बहुधा आजार ओळखल्यापासून दोन ते चार दिवसांची. दहाव्या दिवशी धावपळ करून उपयोग नसतो.

रुग्ण बेशुद्ध असताना संमती कोण देतं?

कायद्याने मान्य असलेला प्रतिनिधी, बहुधा पती, पत्नी, आईवडील किंवा सज्ञान मुलं. संमतीपत्र त्यांना समजणाऱ्या भाषेत हवं. मराठी वाचणाऱ्या घराला मराठी प्रत मागण्याचा हक्क आहे आणि सही केलेली एक प्रत घरी न्यायची असते. प्रतिनिधीला वाचता येत नसेल, तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार सगळा वेळ हजर लागतो. रुग्ण शुद्धीवर आल्यावर त्याची स्वतःची संमती घेतात. त्याने नाही म्हटलं, तर तिथे थांबावं लागतं.

भारतात पैसे भरून हा उपचार घेता येतो का?

नाही, आणि कुणी देऊ केला तर तिथून निघावं. २०१९च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार मूळपेशींपासून बनवलेलं उत्पादन नेहमीच ‘नवीन औषध’ मानलं जातं, म्हणजे औषध महानियंत्रकांची परवानगी लागतेच. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या आजारांसारख्या मान्य कारणांसाठीचं रक्तमूळपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी वापर फक्त मंजूर चाचणीत, आणि चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत.

‘भारतात मूळपेशींचं औषध मंजूर आहे’ असं सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. बंगळुरूच्या कंपनीचं ‘स्टेमप्युसेल’ बर्गर आजारात पायाचा रक्तपुरवठा तुटतो त्यासाठी मंजूर झालं. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये ‘रेमेस्टेमसेल’ला मंजुरी मिळाली, ती अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर मुलांमध्ये होणाऱ्या एका गुंतागुंतीसाठी. फुप्फुसाशी या दोन्हींचा संबंध नाही.

बाळाचं नाळेतलं रक्त बँकेत ठेवलंय. आजोबांना चालेल?

चालणार नाही. त्या रक्तात मुख्यतः रक्त बनवणाऱ्या पेशी असतात, या चाचण्यांतल्या एमएससी वेगळ्या.

चाचणी खरी आहे हे घरबसल्या कसं तपासावं?

सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला क्रमांक मागा. तो सीटीआरआय, वर्ष, महिना, मग आकडा अशा क्रमाने असतो. संकेतस्थळ सर्वांना खुलं आहे. तिथे रुग्णालयाचं नाव, चाचणीचा टप्पा, प्लासिबो आहे का आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी, हे बघा.

पण नोंद म्हणजे परवानगी नव्हे. औषध महानियंत्रकांची परवानगी सीटी-०६ या नमुन्यात मिळते, तीही मागावी. नोंदीत ‘गुडघेदुखी’ आणि समोर एआरडीएसचा रुग्ण, असं असेल तर विषय संपला.

चाचणीमुळे इजा झाली तर?

इजा चाचणीमुळे नाही हे ठरेपर्यंत, किंवा गरज असेपर्यंत, उपचार मोफत द्यावे लागतात. गंभीर घटना संशोधकाने २४ तासांत औषध महानियंत्रक, प्रायोजक आणि नीतिमत्ता समितीला कळवायची असते. मृत्यू चाचणीमुळे झाला असं ठरलं तर भरपाईचं सूत्र आहे: ८ लाख रुपये × वयाचा घटक × जोखमीचा घटक ÷ ९९.३७. चाळिशीच्या माणसाचा वयाचा घटक १८४.१७ आहे. जोखमीचा घटक १ धरला, तर रक्कम सुमारे १४.८ लाख येते. जोखमीचा घटक ०.५ ते ४ असतो. रुग्ण आधीच जितका गंभीर, तितका तो कमी. ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ९० टक्के किंवा जास्त असलेल्या रुग्णासाठी सरळ २ लाख ठरलेले आहेत. एआरडीएसमध्ये वाद इथेच होतो: मृत्यू आजाराने की पेशींनी? म्हणून पेशी देण्याआधीचे आणि नंतरच्या सहा तासांचे व्हेंटिलेटरचे आकडे व रक्ततपासण्या यांच्या प्रती मागून ठेवाव्यात.

मध्येच बाहेर पडता येतं का?

केव्हाही, कारण न देता, आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारात फरक पडता कामा नये. दिलेल्या पेशी मात्र परत काढता येत नाहीत. बाहेर पडल्यावरही सुरक्षेसाठी पुढच्या तपासण्यांना हो म्हणावं, कारण बऱ्याच चाचण्यांत सहा महिने ते वर्षभर रुग्णाची विचारपूस होते. रक्ताचे साठवलेले नमुने नष्ट करायचे की वापरू द्यायचे, हे लेखी कळवावं लागतं. तोंडी सांगितलेलं प्रयोगशाळेपर्यंत पोहोचत नाही.